बुसानला शिकून आलेले १३० जण

१९७९ साली बांगलादेशातले १३० जण दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात शर्ट शिवायला शिकायला गेले. त्यांत कामगार होते, पर्यवेक्षक होते, काही स्त्रियाही होत्या. सहा महिने त्यांनी तिथल्या एका अवाढव्य कारखान्यात काढले. ज्या भूमीतून ढाक्याची मलमल एकेकाळी जगभर जात असे, जिथे गल्लोगल्ली शिंपी बसलेला असतो, तिथल्या माणसांनी शर्टासारखी साधी वस्तू शिकण्यासाठी परदेशी जावं, हे आज वाचताना नवल वाटतं. पण गरीब देशात तंत्रज्ञान व्यापाराच्या वाटेने कसं शिरतं, हे समजून घ्यायला या सहा महिन्यांइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

बांगलादेश तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. परकीय चलन मिळवून देणारा माल म्हणजे मुख्यतः ताग आणि तागाच्या वस्तू. कृत्रिम धाग्यांमुळे तागाची मागणी जगभर उतरणीला लागलेली. दुसरीकडे कोरियाची अडचण उलटी होती. कोरियन कारखाने अमेरिकेला आणि युरोपला इतके कपडे विकू लागले होते, की १९७४ च्या बहुतंतू कराराने त्यांच्यावर देशवार कोटा बसला. ठरलेल्या नगांपेक्षा जास्त माल पाठवायचा नाही. मॅटिझ गाडीमुळे आपल्याकडे पुढे ओळखीची झालेली देवू कंपनी कपड्यांच्या निर्यातीवर वाढली होती. तिचे संस्थापक किम वू-चुंग कोटा नसलेला देश शोधत होते. बांगलादेशावर कोटा नव्हता, कारण बांगलादेश तयार कपडे जवळपास निर्यातच करत नव्हता.

नुरुल कादेर हे तिथले माजी सनदी अधिकारी. मुक्तिसंग्रामात उतरलेले, नव्या देशाची प्रशासकीय घडी बसवण्यात भाग घेतलेले. त्यांनी ‘देश गारमेंट्स’ ही कंपनी काढली आणि १९७८ मध्ये देवूशी पाच वर्षांचा करार केला. देवूने माणसं शिकवायची, यंत्रं निवडून द्यायची, कारखाना मांडून द्यायचा आणि माल विकून द्यायचा. त्याबदल्यात ‘देश’ने विक्रीच्या ८ टक्के रक्कम मानधन आणि दलाली म्हणून द्यायची. चितगावच्या कालूरघाट भागात १९८० मध्ये कारखाना सुरू झाला.

बुसानला ही माणसं नेमकं काय शिकली? शिंपी एक शर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटा शिवतो. निर्यातीच्या कारखान्यात तोच शर्ट कित्येक छोट्या कामांत फोडलेला असतो. एक जण फक्त कॉलर उलटवून टोकं काढतो, दुसरा कॉलरला पट्टी जोडतो, तिसरा खिसा बसवतो, चौथी काजं पाडते. कुठल्या कामाला किती सेकंद लागतात हे मोजावं लागतं. कफाला चाळीस सेकंद आणि बाहीला ऐंशी सेकंद लागत असतील तर बाहीवर दोन माणसं बसवली पाहिजेत, नाहीतर एका टेबलावर ढीग साचतो आणि पुढच्या टेबलावरचा माणूस रिकामा बसतो. याला लाइन बसवणं म्हणतात, आणि ती रोज, दर नव्या डिझाइनला, नव्याने बसवावी लागते.

कटिंगचं तसंच. कापडाचे कितीतरी थर एकावर एक अंथरून एकाच वेळी कापायचे, तर वरच्या थराची बाही आणि खालच्या थराची बाही सुताइतकीही वेगळी पडता कामा नये. कागदावर पुढा, पाठ, बाह्या, कॉलर अशा मांडायच्या की मधल्या चिंध्या कमीत कमी निघतील. शर्टाच्या किमतीत कापडाचा वाटा सर्वांत मोठा, म्हणून नफा सुईच्याही आधी इथेच ठरतो. एकाच ताग्यातले भाग एकाच शर्टात जायला हवेत, नाहीतर उन्हात धरल्यावर बाहीची छटा वेगळी दिसते. सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत माल पुढे सोडायचा नाही, कारण शर्टात राहिलेलं टोक कुणाच्या तरी अंगाला लागेल. इंचात टाके किती, कॉलरच्या बकरमला इस्त्रीची उष्णता किती, खोक्यात कुठल्या मापाचे किती शर्ट, जहाज कुठल्या तारखेला सुटणार. एका आठवड्याचा उशीर झाला तर विमानाने पाठवावं लागतं आणि मग साऱ्या हंगामाची कमाई भाड्यात जाते.

यातली एकही गोष्ट गुपित नव्हती. शिलाई मशीन तर पैसे टाकले की कुणालाही मिळत होतं. तरीही या साऱ्याची गुंफण कुठल्या पुस्तकात नव्हती. ती माणसांच्या हातांत आणि सवयींत होती. ती शिकायची तर ती जिथे रोज चालते तिथे जाऊन, चुकून, ओरडा खाऊन शिकावी लागते. म्हणून नुरुल कादेर यांचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय यंत्रांचा नव्हता, माणसं पाठवण्याचा होता, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या वर्षी, १९८० मध्ये, ‘देश’ने ४३,००० शर्ट केले, त्यांचे मिळाले सुमारे ५५,००० डॉलर, म्हणजे शर्टामागे सव्वा डॉलरच्या आसपास. १९८७ मध्ये शर्टांची संख्या २३ लाखांवर आणि विक्री ५३ लाख डॉलरवर पोचली. म्हणजे नग वाढलेच, पण एका शर्टाला मिळणारा भावही दोन डॉलरच्या पुढे गेला. दरम्यान १९८१ मध्येच ‘देश’ने देवूशी असलेला करार मुदतीआधी संपवला होता. शिकवणारा निघून गेला तरी कारखाना चालला, वाढला.

पण खरं आश्चर्य ‘देश’च्या आकड्यांत सापडत नाही. बुसानला गेलेल्या त्या १३० जणांपैकी ११५ जण १९८० च्या दशकात ‘देश’ सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणाला दुसऱ्याने जास्त पगारावर उचललं. ‘देश’च्या हिशेबात हे नुकसानच. आपण खर्च करून शिकवलेला माणूस समोरच्या गल्लीत आपलाच प्रतिस्पर्धी होऊन बसतो. देशाच्या हिशेबात मात्र एका कारखान्यातलं ज्ञान शेकडो कारखान्यांत पोचलं. जागतिक बँकेतले अर्थशास्त्रज्ञ युंग व्ही री यांनी १९९० मध्ये हा सारा प्रवास नोंदवला आणि पुढे विल्यम ईस्टर्ली यांनी विकासावरच्या आपल्या पुस्तकातून तो सर्वदूर नेला, म्हणून आज आपल्याला तो इतक्या तपशिलात माहीत आहे.

कोरियाकडून आणखी एक गोष्ट आली, आणि ती सहसा तंत्रज्ञानात धरत नाहीत. मला ती शिलाईइतकीच मोलाची वाटते. शर्ट निर्यात करायचा तर आधी परदेशी कापड विकत घ्यावं लागायचं. त्याला डॉलर हवेत, आणि नव्या उद्योजकाकडे डॉलर कुठून असणार? वर कापडावर जकात. यावर दोन तोडगे निघाले. पहिला बँकेचा. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाने शर्टांसाठी पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, उघडलं, की त्याच पतपत्राच्या आधारावर चितगावची बँक कापड पुरवणाऱ्याच्या नावे दुसरं पतपत्र उघडून देते. कापड आधी येतं, पैसे शर्ट विकले गेल्यावर जातात. दुसरा तोडगा जकात खात्याचा. निर्यातीसाठी आणलेलं कापड जकात न भरता सीलबंद गोदामात ठेवायचं आणि जितकं आत आलं तितकं शर्टांच्या रूपाने बाहेर गेलं याचा हिशेब द्यायचा. या दोन व्यवस्था रुजवण्यात नुरुल कादेर यांचा पुढाकार होता. त्या नसत्या तर बुसानहून आलेल्या त्या ११५ जणांपैकी फार थोड्यांना कारखाना काढता आला असता. हातात विद्या आहे पण भांडवल नाही अशा माणसाला त्या कागदांनी उभं केलं.

व्यापारामुळे तंत्रज्ञान पसरतं, असं अर्थशास्त्रज्ञ बऱ्याच आधीपासून सांगत आले आहेत. यंत्रांच्या आयातीतून दुसऱ्या देशाच्या संशोधनाचं फळ मिळतं, ही त्यातली एक वाट. डेव्हिड को, एल्हनान हेल्पमन आणि अलेक्झांडर हॉफमाइस्टर यांनी १९९७ मध्ये ७७ विकसनशील देशांची आकडेवारी तपासून दाखवलं, की संशोधनावर भरपूर खर्च करणाऱ्या औद्योगिक देशांकडून जे यंत्रसामग्री आणतात त्यांची उत्पादकता जास्त वाढते. पण निर्यात केल्यामुळे माणूस खरोखर शिकतो, की मुळात हुशार असलेलेच निर्यात करू शकतात? हा वाद बरीच वर्षं मिटत नव्हता. मिटवायचा तर कुणाला निर्यातीची संधी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं, आणि असं कोण करणार?

ते इजिप्तमध्ये झालं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात फुवा नावाचं गाव आहे, तिथे घरगुती मागांवर गालिचे विणले जातात. डेव्हिड ॲटकिन, अमित खंडेलवाल आणि ॲडम ऑस्मान या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या काही विणकरांना श्रीमंत देशांतल्या मागण्या चिठ्ठीने मिळवून दिल्या आणि काहींना दिल्या नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निर्यातीची संधी मिळालेल्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढलेला दिसला, मालाचा दर्जाही सुधारला. मग त्यांनी एक सुंदर परीक्षा घेतली. दोन्ही गटांतल्या विणकरांना एकसारखा माग, एकसारखं सूत दिलं आणि स्थानिक बाजारात चालतो तोच साधा गालिचा विणायला सांगितलं. निर्यात केलेल्यांचा गालिचा उजवा ठरला, आणि त्यासाठी त्यांना जास्त वेळही लागला नाही. कडा सरळ, वीण घट्ट, कोपरे काटकोनात. चोखंदळ गिऱ्हाइकासाठी काम करता करता हात बदलले होते, आणि ते गिऱ्हाईक समोर नसतानाही बदललेलेच राहिले.

याची दुसरी बाजूही आहे. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये जगभर जाणारे फुटबॉल शिवले जातात. एका फुटबॉलला २० षटकोन आणि १२ पंचकोन लागतात. पंचकोन कापताना मधलं साहित्य वाया जातं. संशोधकांनी पंचकोनांची अधिक दाट मांडणी शोधून तसा नवा साचा बनवला आणि २०१२ मध्ये ३५ कारखान्यांना फुकट दिला. पंधरा महिन्यांनी पाहिलं तर तो खऱ्या अर्थाने वापरणारे कारखाने फक्त पाच! कारण साधं होतं. कापणाऱ्याला नगावर मजुरी मिळत होती. नवा साचा हाताला बसेपर्यंत वेग कमी पडणार, म्हणजे त्याची मजुरी बुडणार, आणि वाचलेल्या साहित्याचा पैसा जाणार मालकाच्या खिशात. मग काही कारखान्यांत कारागिराला, नवा साचा वापरून दाखवलास तर साधारण महिन्याच्या कमाईएवढी रक्कम देऊ, असं सांगितलं. तिथे साचा वापरात येऊ लागला. तंत्रज्ञान दारात आलं तरी ते उंबऱ्याच्या आत येईल की नाही, हे पुष्कळदा पगाराच्या पद्धतीवर ठरतं.

आपल्या जवळचंच उदाहरण तारापूर आणि उंबरगाव परिसरातल्या कापड कारखान्यांचं. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तिथल्या काही कारखान्यांना व्यवस्थापनाचे सल्लागार विनामूल्य दिले. शिकवलं ते अगदी प्राथमिक: दोषांची रोजची नोंद, यंत्रांची वेळेवर देखभाल, सुताचं कोठार नीट लावून कुठे काय आहे याची यादी. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग हे आधी का झालं नव्हतं? संशोधकांनी दिलेल्या कारणांत आयात कापडावरची जबर जकातही होती. बाहेरची स्पर्धा नसल्यामुळे गबाळा कारखानाही टिकून राहत होता, आणि सुधारणा करण्याची निकड कुणाला भासत नव्हती.

बांगलादेशात ती निकड पहिल्या दिवसापासून होती. १९८३-८४ मध्ये देशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ४ टक्क्यांहूनही कमी होता, रक्कम सुमारे ३ कोटी डॉलर. २०२१-२२ मध्ये ती ४,२०० कोटी डॉलरच्या वर गेली आणि वाटा ८० टक्क्यांच्या पुढे. आज सुमारे ४० लाख माणसं या उद्योगात आहेत. याच काळात भारताने तयार कपड्यांचं उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवलं होतं; ते बंधन २००० नंतर उठत गेलं. मुंबईत गिरणी कामगारांचा संप १९८२ मध्ये सुरू झाला आणि गिरणगाव मोडत गेलं, त्याच वर्षांत चितगावात एकेक शिलाईचा कारखाना उभा राहत होता. दोन्हींची कारणं निरनिराळी आहेत, त्यांची सांगड घालू नये. पण तारखा शेजारी ठेवल्या की चुटपुट लागते.

शिलाईच्या मागे सूतही आलं, आणि तेही व्यापाराच्याच अटीमुळे. युरोपात बांगलादेशी कपड्यांना जकातीची सूट होती, पण २०११ पर्यंत ती हवी असेल तर नुसती शिलाई पुरत नव्हती, कापडही देशातच विणलेलं लागायचं. त्या अटीपायी विणीच्या कपड्यांसाठी, म्हणजे टी-शर्ट, बनियन, स्वेटर यांसाठी, नारायणगंज आणि आसपास विणाईचे आणि रंगाईचे कारखाने आले, त्यांच्यामागून सूतगिरण्या आल्या. बांगलादेशात कापूस नावापुरताच पिकतो. त्या गिरण्यांना लागणारा कापूस बाहेरून येतो, आणि भारतीय कापसाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेशाचं नाव वर्षानुवर्षं आहे. विदर्भातला शेतकरी ढाक्याच्या बातम्यांकडे लक्ष ठेवतो ते यासाठीही.

या उद्योगाने घराघरांत काय केलं, ते रेचेल हीथ आणि अहमद मुश्फिक मुबारक यांनी शोधलं. कारखान्यांच्या आसपासच्या गावांतल्या मुलींची लग्नं उशिरा होऊ लागली आणि त्या शाळेत जास्त वर्षं टिकू लागल्या. यात कारखान्यात न गेलेल्या लहान मुलीही होत्या. सुपरवायझरला, चेकरला आकडेमोड यावी लागते, मापाच्या तक्त्यावर काय लिहिलंय ते वाचता यावं लागतं. आईबापांनी ते पाहिलं आणि मुलीला शाळेत ठेवलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मन जड होतं. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या पाच शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं गेलं आणि इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली. वरचे मजले बेकायदा चढवलेले होते, इमारतीचा आराखडा दुकानांसाठी आणि कचेऱ्यांसाठी होता, यंत्रांच्या आणि जनरेटरच्या हादऱ्यांसाठी नव्हता. तिथल्या काही कारखान्यांची परदेशी गिऱ्हाइकांच्या वतीने तपासणी झालेली होती. पण खांब आणि तुळया त्या तपासणीत येतच नव्हत्या. इंचातले टाके मोजले जात होते, कारण गिऱ्हाईक ते मागत होतं. खांबाची जाडी कुणी मागितली नव्हती. व्यापार ज्याची मागणी करतो त्याचंच शिक्षण देतो, हे इतक्या भयंकर रीतीने दुसरीकडे कुठेच दिसलं नसेल.

मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि परदेशी कंपन्या यांच्यात कायद्याने बांधील असा सुरक्षा करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. अभियंत्यांनी सुमारे १,६०० कारखाने तपासले, आग प्रतिबंधक दारं बसली, खांब मजबूत झाले, काही इमारती बंद झाल्या. ढाक्याच्या बुएट या अभियांत्रिकी विद्यापीठातले तज्ज्ञही इमारतींच्या तपासणीत होते. पर्यावरणपूरक इमारतींचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेले दोनशेहून जास्त कपडे कारखाने आज बांगलादेशात आहेत. तीच माणसं, तोच देश. मागणी बदलल्यावर हेही शिकता आलं, आणि म्हणूनच त्या १,१३४ मृत्यूंचं दुःख अधिक बोचतं.

तरीही देवूच्या देशाकडे पाहिलं की एक फरक डोळ्यांत भरतो. कोरियाही १९६० च्या दशकात केसांचे टोप, प्लायवूड आणि शर्ट विकत होता. तिथून तो पोलाद, जहाजं, मोटारी आणि मेमरी चिपपर्यंत गेला. निर्यात तिथेही होतीच, पण तिच्या जोडीला १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘किस्ट’सारखी राष्ट्रीय संशोधन संस्था होती, तंत्रशिक्षणाचा मोठा विस्तार होता, आणि निर्यातीचं उद्दिष्ट गाठेल त्यालाच स्वस्त कर्ज असा सरकारचा दंडक होता. बांगलादेशाचे कारखाने आज संगणकावर कटिंगची मांडणी करतात, स्वेटर विणणारी स्वयंचलित यंत्रं वापरतात. पण ती यंत्रं जपान, चीन, जर्मनी अशा देशांतून येतात. कपड्याचं डिझाइन आणि दुकानातलं नाव परदेशातच राहतं. स्वयंचलित यंत्रं आली तसा कामगारांतला स्त्रियांचा वाटाही पूर्वीपेक्षा घटला आहे, आणि नव्या यंत्रांचं प्रशिक्षण पुष्कळदा पुरुषांना आधी मिळतं. ही गोष्ट व्यापार आपणहून दुरुस्त करणार नाही.

पुढची परीक्षा शर्टाचीच आहे. अतिअविकसित देशांच्या यादीतून बांगलादेश बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. युरोपने त्यानंतर सवलती आणखी तीन वर्षं चालू ठेवण्याची तयारी दाखवली. त्यापुढे जकातीची सूट हवी असेल तर शर्टाचं कापडही देशातच विणलेलं असावं लागेल, जशी अट २०११ पर्यंत होती. विणीच्या कपड्यांना लागणारं सूत आणि कापड बांगलादेश आज बहुतांशी स्वतः करतो. शर्ट-पँटच्या मागाच्या कापडाचा मोठा हिस्सा मात्र अजून बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतो. असं कापड विणायला, रंगवायला आणि त्याचं फिनिशिंग करायला शिलाईपेक्षा कितीतरी जास्त भांडवल, वीज, गॅस, पाणी आणि रसायनांचं ज्ञान लागतं. त्यासाठीचे रंगतज्ज्ञ आणि माग सांभाळणारे तंत्रज्ञ देशातच घडवण्याचं काम तिथल्या गिरण्यांपुढे आहे.